उघडणारी गोळी

कॅरिबू, मेन
दि. २४ जून २०२५

ती. काकांस,
दीक्षाचा सप्रेम जय भीम वि. वि.

तुमचं कानातलं मशीन शिट्ट्या मारतं आणि फोनवर आपलं निम्मं बोलणं "ऐकू येतंय का" यातच जातं. म्हणून तुम्ही म्हणालात तसं खरंच कागद-पेन घेऊन बसलेय. अक्षराला हसू नका, हॉस्पिटलमध्ये दिवसभर टाइपच करते. सोनलवहिनी म्हणाली की तुम्ही रोज पोस्टाच्या पेटीपर्यंत चक्कर मारता आणि जाहिराती घेऊन परत येता. आता निदान एक पाकीट तुमच्या नावाचं येईल.

आम्ही मजेत. अवधूत घरूनच काम करतो, हेडफोन लावून दिवसभर कुणाशी तरी भांडतो आणि संध्याकाळी म्हणतो की मीटिंग छान झाली. बटाट्याच्या शेतांत आता कुठे पानं वर आलीत. थंडी अजून पूर्ण गेली असं म्हणवत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही इथे आला होतात तेव्हा रस्त्यात जे जनावर आडवं आलं आणि तुम्ही ज्याला उंट म्हणालात, तो मूस, म्हणजे घोड्याहून उंच सांबरच म्हणा. त्याच्या शिकारीची इथे दरवर्षी सोडत निघते. लोक वर्षानुवर्षं नाव घालतात आणि वाट बघतात. माझ्या डिपार्टमेंटमधल्या सगळ्यांनी घातलं म्हणून मीही घातलं, आधी शिकारीचा कोर्स केला होताच. आणि काका, माझं नाव निघालं! सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली परवानगी, एक नर. हॉस्पिटलमध्ये लोक असं अभिनंदन करतायत की जणू मला मूल झालं.

मला माहीत आहे तुम्ही चष्मा काढून ठेवला असेल. पण पूर्ण वाचा. गेल्या नोव्हेंबरात आमच्या मागच्या शेतात एक मूस दोन दिवस उभा होता. कुणीतरी गोळी घातली होती आणि तो पळून आला होता. बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. शेवटी वनखात्याचा वॉर्डन आला आणि त्याने तो संपवला. मी खिडकीतून सगळं पाहिलं आणि कित्येक दिवस मला जेवण गेलं नाही. मटण मी खाते, ते कुठून येतं ते मला कधी बघावं लागलं नाही. म्हणून वाटलं, एकदा स्वतः जबाबदारी घ्यावी. पण एका गोळीत, त्रास न देता. तसं नाही झालं आणि माझ्या हातून ते नोव्हेंबरातलं पुन्हा घडलं, तर तुमच्यासमोर उभं राहून पंचशील म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. खरंच सांगते.

रायफल शेजारच्या थिबोडो बाईंची आहे, त्यांच्या नवऱ्याची. त्यांच्या गुडघ्याचे व्यायाम मी घेतले होते, तेव्हापासून त्या मला मुलगीच समजतात. प्रश्न गोळीचा आहे. अवधूतने कंपन्यांचे आकडे जमवून लॅपटॉपवर मोठा तक्ता केलाय. (ज्याच्या घरी अंडं आणलं तर ते बाल्कनीत शिजवायचे, तो आता मला बॅलिस्टिक्स शिकवतो.) त्याचं म्हणणं हलकी आणि वेगवान गोळी घ्यावी, दीडशे ग्रेन वजनाची, सेकंदाला तीन हजार फुटांच्या जवळपास जाते. थिबोडो बाई म्हणतात जड घे, एकशे ऐंशीची, ती सत्तावीसशेने जाते. आणि त्यातही टोक बंद, टोक उघडं, कवच जाड, कवच पातळ असे शंभर प्रकार.

उभी हयात तुम्ही काडतुसांच्या कारखान्यात काढलीत, आणि पंचशील मला तुम्हीच शिकवलंत. या दोन्ही गोष्टी कळणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. रागवायचं असेल तर रागवा, पण गोळी कुठली ते सांगा.

प्रफुल्लदादा आणि वहिनीला जय भीम. माझ्यावरचा लोभ या पत्रानंतरही टिकला तर बरं.

तुमची,
दीक्षा


एडिसन, न्यू जर्सी
दि. २ जुलै २०२५

चि. दीक्षास,
पंडितकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चष्मा काढून ठेवला होता, ते तू बरोबर ओळखलंस. मग एक चक्कर मारून आलो, पुन्हा लावला आणि पूर्ण वाचलं.

रागावलो का, तर हो. तुझी काकू रत्ना असती तर तिने तुला तिथल्या तिथे फोन करून झापलं असतं आणि मग मलाही झापलं असतं, की पोरीला डोक्यावर तुम्हीच चढवून ठेवलं. तुझे बाबा गेले तेव्हा तू चिमुरडी होतीस. पहिलं शील तुला मी मांडीवर बसवून शिकवलं, पाणातिपाता वेरमणी, म्हणजे जीवहत्या करणार नाही. तू शब्द चुकवायचीस आणि मला हसू यायचं. ती पोर आता मला विचारते की जनावर कुठल्या गोळीने मारू! पण दर रविवारी ओक ट्री रोडवरून मटण आणून दोनदा रस्सा वाढून घेणाऱ्या म्हाताऱ्याने तुला उपदेश करावा कुठल्या तोंडाने? म्हणून उपदेश रद्द. मामला गोळीचा आहे तर गोळीचंच बोलतो.

नोकरीभर मी भुसावळजवळच्या त्या कारखान्यात तपासणीला होतो. कानांची ही अवस्था तिथलीच. प्रत्येक लॉटमधली, म्हणजे एका खेपेला बनलेल्या मालातली, काही काडतुसं काढायची, लाकडाच्या फळ्यांवर झाडायची आणि गोळी बाहेर काढून बघायची. गोळी जशी गेली तशी निघाली पाहिजे. टोक दबलं, तांब्याचं कवच फाटलं, आतलं शिसं डोकावलं, की नापास. एकदा मी अख्खा लॉट परत पाठवला तेव्हा साहेब लोक माझ्या नावाने शिमगा करत होते, पण मी ऐकलं नाही. जी गोळी लागल्यावर आकार सोडते ती गोळी कसली? ते तर चण्याचं पीठ.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. पूर्ण कवचाची, बंद टोकाची गोळी घे. सरळ जाते, आरपार जाते, स्वच्छ काम करते. वेगाच्या बाबतीत जावईबापूंचं खरं आहे. वेग दुप्पट केला की जोर चौपट होतो, हे शाळेतल्या पोराला कळतं. त्यांना सांग, पुण्याचा माणूस बरोबर बोलला याची मी तारखेसह नोंद घेतली आहे. ग्रेन म्हणजे काय ते तरी त्यांना ठाऊक आहे का? सोनाराची एक गुंज म्हणजे साधारण दोन ग्रेन. एवढीशी गोष्ट, पण माणूस असो की तुझा उंट, आडवा करते.

सोनलला मी अजून सांगितलेलं नाही. तिने पाकिटातला "रायफल" शब्द लांबून वाचला आणि विचारलं की बाबा, पोलीस तर येणार नाहीत ना. मी म्हटलं, आलेच तर चहा टाक.

एडिसनला बसून उंटावरून शेळ्या हाकतोय असं वाटेल तुला. पण या एका बाबतीत तुझ्या काकाइतकं जाणणारा त्या जंगलात कुणी नसेल. डोळे मिटून विश्वास ठेव.

प्रकृतीला जप. लोभ आहेच, तो काही गोळीबाराने तुटणारा नाही.

तुझा,
काका


कॅरिबू
दि. २७ जुलै २०२५

ती. काकांस,
सप्रेम जय भीम वि. वि.

तुमचं पत्र अवधूतने फ्रिजवर लावलंय. "पुण्याचा माणूस बरोबर बोलला" या ओळीखाली त्याने हायलाइटर मारलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती वाचून दाखवतो, मराठी न कळणाऱ्यांनासुद्धा.

आता मी जे लिहिणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही. तीन वेळा सुरू करून फाडलं, पण तुमच्याशी खोटं बोलायची सवय नाही मला.

तुम्ही सांगितलीत तशीच गोळी मी आणली, पूर्ण कवचाची, हलकी, वेगवान. थिबोडो बाईंनी पेटी बघितली आणि झाकण बंद करून माझ्या हातात परत दिली. मी म्हटलं की माझे काका काडतुसांच्या कारखान्यात तपासनीस होते. त्या म्हणाल्या की असतील, पण ती लष्कराची गोळी आहे, कागदाच्या टार्गेटवर सराव करायला ठीक. बऱ्याच राज्यांत ती शिकारीला चालतच नाही. मला राग आला, तुमच्या वतीने. मग मी त्या वॉर्डनला फोन केला, नोव्हेंबरात आला होता त्याला. त्याने सांगितलं ते असं, की आमच्या शेतातल्या त्या मूसला लागलेली गोळी अशीच होती. सुईसारखी आत गेली, सुईसारखी बाहेर पडली. दोन्हीकडे बारीकसं भोक. आत नुकसान इतकं थोडं, की जनावर चालत राहिलं आणि मरायला त्याला दोन दिवस लागले.

काका, ती जशी गेली तशीच निघाली होती. तुमच्या फळीवर ती पास झाली असती.

मग थिबोडो बाईंनी त्यांच्या मागच्या वाळूच्या खाणीत आम्हाला प्रयोग करून दाखवला. दुधाचे रिकामे कॅन पाण्याने भरायचे, एकामागे एक लावायचे आणि झाडायचं. तुमची गोळी सगळे कॅन भोसकून मागच्या वाळूत गेली, सापडलीच नाही. अवधूतची हलकी, वेगवान, मऊ टोकाची गोळी पहिल्याच कॅनमध्ये फुटली. कॅन असा उडाला की तो टाळ्या वाजवायला लागला, पण पुढे बघितलं तर नुसते तुकडे. बाई म्हणाल्या, इथल्या झाडीत मूस जवळच दिसतो, त्यामुळे गोळी अजून पूर्ण वेगात असते. खांद्याच्या हाडावर ती अशीच फुटली तर वरच्यावर जखम होईल आणि आत काहीच पोचणार नाही. तेही हालच.

जड गोळी, एकशे ऐंशीची, जिचं शिसं कवचाला आतून जोडून टाकलेलं असतं, ती चार कॅन पार करून पाचव्यात बसली होती. टोक उमललेलं, बाकी शाबूत. म्हणजे वेग फार झाला तर गोळी फुटते, फार कमी झाला तर उघडत नाही. मधला रस्ता धरायचा, आणि जनावर लांब असेल तर सोडून द्यायचं, कारण लांब जाताजाता वेग मरतो. मधला मार्ग म्हटल्यावर मला तुमचीच आठवण झाली, विहारात तुम्ही दर वेळी तेच सांगता.

सोबत दोन्ही गोळ्या पाठवतेय, फुटलेली आणि उमललेली. दोन्ही झाडलेल्या आहेत, घाबरायचं काही नाही, वहिनीला तसं आधीच सांगा. हातच्या कांकणाला आरसा कशाला. तुम्हीच बघा आणि तुम्हीच सांगा. माझा निर्णय अजून तुमच्याच हातात आहे. हे मी मन राखायला म्हणत नाहीये.

रागावू नका. रागावलात तरी पत्र लिहा, कोरं पाकीट पाठवलंत तरी चालेल.

तुमची,
दीक्षा


एडिसन
दि. २५ ऑगस्ट २०२५

चि. दीक्षास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. प्रफुल्लला तू फोन करून विचारलंस की काका आजारी आहेत का. आजारी नव्हतो. तोंड वळवून बसलो होतो, म्हातारी माणसं बसतात तसा.

तुझं पाकीट आलं त्या दिवशी मी दोन्ही गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर सवयीने दोन्ही नापास केल्या. मग सोनलच्या केक करायच्या काट्यावर तोलल्या. (तिने नंतर तो काटा साबणाने दोनदा धुतला.) तुकडे तोलले ते निम्म्याहून कमी भरले. उमललेलीचं वजन जवळजवळ सगळं जागेवर. भिंग लावून तिच्या पाकळ्या बघितल्या. कवच फाटलं होतं, पण नीट, ठरवून फाटल्यासारखं. मला बराच वेळ कळेना की एखाद्याने इतकं चांगलं काम इतक्या उलट्या दिशेने कसं केलं. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला.

ट्रेनिंगला असताना एक मेजरसाहेब शिकवायला यायचे. ते सांगायचे की १९०० च्या जरा आधी इंग्रजांनी कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात उघडणारी गोळी काढली होती. ती माणसाला लागली की आत इतकी फाडायची की पुढे देशादेशांनी मिळून ठरवलं, युद्धात अशी गोळी वापरायची नाही, फार क्रूर आहे. तेव्हापासून सैनिकाची गोळी बंद टोकाची. हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो, आणि नंतर पार विसरलो. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं, की न उघडणारी गोळी चांगली. का चांगली, ते गेलं.

आता बघ गंमत. माणसासाठी गोळी उघडायची नाही, कारण दया. जनावरासाठी उघडायलाच हवी, कारण दया. दोन्हीकडे दयाच, आणि दोन्हीकडे समोरचा मरतोय. मला हे पचेना. गेल्या रविवारी विहारात नेहमीप्रमाणे पंचशील मी सांगायला उभा राहिलो आणि पहिल्या शीलाला आवाजच फुटेना. लोकांना वाटलं घसा बसला. विहाराच्या जेवणाचं बघणाऱ्या लतिकाबाईंनी लगबगीने पाणी आणून दिलं. मी प्यायलो आणि दुसऱ्या शीलापासून पुढे म्हटलं. तू लिहिलं होतंस की तुझी जीभ रेटणार नाही. तुझ्या आधी माझीच अडकली की गं!

माझ्या कामाची मला लाज वाटते असं समजू नकोस. सरकारी नोकरी होती, इमानाने केली, त्यावर तुम्ही सगळी शिकलात. पण दीक्षा, इतकी वर्षं मी गोळ्या पास केल्या आणि त्यांतली एकही पुढे जाऊन काय करते, हे मला कुणी कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. फळीच्या पलीकडे माझी ड्यूटी संपत होती.

तर आता माझं मत ऐक. थिबोडो बाई बरोबर, मी चूक. जावईबापूही चूक, ती ओळ फ्रिजवरून काढायला सांग. जड गोळी घे, एकशे ऐंशीची, जोडलेल्या कवचाची. पण एक गोष्ट मात्र माझ्याकडून घे, ती कुठल्याही गोळीला लागू आहे. तू आजवर सराव त्या आणलेल्या हलक्या काडतुसांवर केला असशील. तोच नेम ठेवून जड गोळी झाडलीस तर ती भलतीकडे बसेल. नवीन काडतुसांच्या पेट्या घेताना सगळ्यांवर एकच लॉट नंबर आहे ना ते बघ, त्यांतल्याच गोळ्यांनी नेम पुन्हा जुळव आणि त्यांतल्याच शिकारीला ने. लॉट बदलला की गोळीचा स्वभाव बदलतो. आळस करू नकोस, तुला लहानपणापासून शेवटचं गणित न तपासता वही मिटायची खोड आहे.

आणि एक मागणं. जनावर मिळालं तर कसं मेलं ते मला लिही. मला बरं वाटावं म्हणून गोड करून नको. वाईट झालं तर वाईट लिही. मला एकदा फळीच्या पलीकडचं ऐकायचं आहे, आणि ते तुझ्याकडूनच ऐकायचं आहे.

जंगलात अंगावर भगवा कोट घालतात म्हणे, लोक लांबून ओळखावेत म्हणून. तो विसरू नकोस. तुझ्यावरची माया या वयात दुसरीकडे कुठे ठेवायला जागा नाही.

तुझा,
काका


कॅरिबू
दि. २८ सप्टेंबर २०२५

ती. काकांस,
सप्रेम जय भीम वि. वि.

आज रविवार. इथे रविवारी शिकार बंद असते, तसा आमचा आठवडा कालच संपला. अंग ठणकतंय. अवधूत सोफ्यावर आडवा झालाय तो उठायचं नाव घेत नाही. तुम्ही सांगितलंत तसं लिहिते, गोड न करता.

आधी लॉटचं. तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी एका लॉटच्या पेट्या शोधून आणल्या. दुकानदार वैतागला, मी एकेक पेटी उलटी करून नंबर वाचत होते. खाणीत जाऊन झाडलं तर पहिली गोळी जुन्या नेमाच्या तीन बोटं खाली! थिबोडो बाई म्हणाल्या की हे त्या मला सांगणारच होत्या, पण तुम्ही आधी बोललात हे बरं झालं. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय, म्हणजे हात हलवून दाखवला.

सोमवार ते गुरुवार काही नाही. पहाटे थंडी, दिवसभर झाडी, थर्मासमधला चहा. शुक्रवारी संध्याकाळी एक मोठा नर दिसला, तोडलेल्या झाडांच्या मैदानाच्या पार टोकाला, आमच्याकडे तोंड करून. अवधूत कानाशी कुजबुजत होता की आता घे, आता घे, उद्या शेवटचा दिवस आहे. मी रायफल उचलली. काका, खरं सांगते, फार मोह झाला. सगळं हॉस्पिटल सोमवारी विचारणार होतं. पण तो लांब होता, तिथपर्यंत गोळीचा वेग किती उरेल ते मला नक्की माहीत नव्हतं, आणि आडवाही नव्हता. मी रायफल खाली केली. तो निघून गेला. परतताना गाडीत मला रडू आलं.

काल सकाळी धुकं होतं. थिबोडो बाई पुढे, मी मागे, अवधूत शेवटी. एका ओढ्याच्या वळणावर तो उभा होता, आदल्या संध्याकाळचाच की दुसरा ते माहीत नाही. आपल्या दारातून समोरचं घर असतं तेवढ्या अंतरावर. आडवा. पाणी पीत होता. मी श्वास सोडला आणि एकच गोळी झाडली.

तो पडला नाही. हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. तो उभाच राहिला आणि मान वळवून आमच्याकडे बघितलं. वाटलं, झालं, नोव्हेंबर पुन्हा आला. बाईंनी दुसरं काडतूस भर म्हणून हाताने खुणावलं. मी भरत होते तेवढ्यात तो काही पावलं चालला, पुढचे पाय दुमडून खाली बसला, मग डोकं टेकवलं. मी दुसरी गोळी झाडली नाही, झाडावी लागली नाही. आम्ही थांबून राहिलो आणि मग जवळ गेलो, तेव्हा तो गेलेला होता. तुम्ही विचाराल त्याला दुखलं का. दुखलं असणार. नाही दुखलं असं मी लिहिणार नाही. पण फार वेळ दुखलं नाही.

मी त्याच्या मानेवर हात ठेवला. ऊब होती. पंचशील म्हणवलं नाही. शेवटी मी नुसती बसून राहिले. आनंद झाला नाही, आणि पस्तावलेही नाही. जड वाटलं, खूप. ते अजून गेलेलं नाही. जाऊ नये असं वाटतं.

अवधूतला वाटलं होतं तो बेशुद्ध पडेल. उलट त्यानेच बाह्या सरसावून सगळ्यात जास्त काम केलं. साफ करताना पलीकडच्या बाजूला, कातड्याच्या आतून, गोळी सापडली. हृदयाच्या जरा वरून गेली होती. धुऊन सोबत पाठवतेय. तिच्यावर तुमचाच हक्क आहे.

मांस खूप निघालं. निम्मं गावातल्या अन्नछत्राला दिलं, थोडं बाईंना, थोडं उद्या हॉस्पिटलमध्ये नेईन. अवधूत मंगळवारी कामासाठी न्यूयॉर्कला येतोय, बर्फाच्या पेटीत तुमच्यासाठी आणेल. वहिनी करणार नसेल तर ठेवू नका, मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

तुम्ही सांगितलंत म्हणून सगळं लिहिलं. आता तुम्ही सांगा, मी तुमच्या विहारात पाय ठेवू की नको. नाही म्हणालात तरी लोभ ठेवा, एवढंच मागते.

तुमची,
दीक्षा


एडिसन
दि. ४ ऑक्टोबर २०२५

चि. दीक्षास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जावईबापू येऊन गेले. बर्फाची पेटी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी मला सगळी हकिकत हातवारे करून सांगितली, त्यात ते स्वतः फार शूर निघाले. मशीन काढून ठेवलं होतं तरी अर्धं ऐकू आलं. माणूस चांगला आहे, ती ओळ फ्रिजवर पुन्हा लावायला माझी हरकत नाही.

मांस सोनलनेच केलं. आधी नाक मुरडलं, मग तुझ्या काकूच्या हाताचा काळा मसाला डब्यातून काढला, खसखस-खोबरं भाजलं आणि मोठं पातेलं चढवलं. शिजता शिजेना ते! प्रफुल्ल म्हणाला हा उंट अजून चालतोय. शेवटी मऊ झालं. रश्शावर तर्री अशी आली की शेजारचे देवांगभाई जिन्यातून विचारत आले, आणि वास घेऊन घाईने परत गेले. मी जेवलो. पहिला घास तोंडात घातल्यावर तू लिहिलेलं आठवलं, त्याने मान वळवून बघितलं ते. घास गिळायला वेळ लागला, पण गिळला. टाकून दिला असता तर ते त्याच्याशी बरं नव्हतं.

गोळी तोलली. वजन जवळजवळ पूर्ण. चारी पाकळ्या सारख्या उमललेल्या. भिंगाखाली धरून बराच वेळ बघितली आणि मनातल्या मनात शिक्का मारला, पास. उघडलेली गोळी मी आयुष्यात पहिल्यांदाच पास केली. आता ती माझ्या टेबलावर आहे, सोनल तिला हात लावत नाही आणि हलवूही देत नाही.

तुझं पत्र मी रोज एकदा वाचतो. "दुखलं असणार" या वाक्याशी थांबतो. तू ते खोडलं नाहीस याचं मला फार बरं वाटलं पोरी. इतकी वर्षं फळीच्या अलीकडे बसलो होतो, तू मला हाताला धरून पलीकडे नेलंस. तिथे काही बरं दिसलं नाही, पण न बघता मेलो असतो तर ते जास्त वाईट होतं. लांबचा मूस तू सोडून दिलास, तिथे तर माझा ऊर भरून आला. झाडलेल्या गोळीचं कौतुक सगळे करतील, न झाडलेलीचं मी करतो.

तू विचारलंस विहारात पाय ठेवू का. अगं, विहार काय माझ्या बापाचं आहे? पुढच्या रविवारी, बारा तारखेला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आहे. शाळेचा हॉल घेतलाय, जेवणाचं लतिकाबाई बघतायत. आवाज अडकला त्या रविवारनंतर मी पंचशील सांगायला उभा राहिलेलो नाही, घशाचं कारण सांगून टाळतो. सगळ्यांनी ओव्याचं पाणी, मध, काढा देऊन मला बेजार केलंय. आता टाळणार नाही. तू ये. जावईबापूंनाही आण, गाडी त्यांनाच चालवू दे, तू मागे झोप काढ.

पहिलं शील आपण बरोबर म्हणू. तुझ्या लहानपणी म्हणायचो तसं, मी पुढे आणि तू मागून. फक्त या वेळी जवळ उभी राहा. मी अडखळलो तर पुढचा शब्द तू सांग.

वाट बघतोय. लोभ करतेस तसाच करत राहा.

तुझा,
काका